कपबशीची दोन मतं

तात्या आले ते पायताण न काढता ओट्याशीच उभे राहिले. हातात घडी घातलेला कागद, सदऱ्याच्या खिशाला पेन. त्यांची जीप रस्त्यावर चालूच ठेवलेली. सकाळचे साडेनऊ वाजले असतील. मी मशीनवर बसून शेजारच्या लीलाक्काच्या ब्लाउजची बाही जोडत होते.

"सूनबाई," ते म्हणाले, "तीन वाजेपर्यंत तालुक्याला पोचायचं हाय. अर्ज मागं घ्यायचा कागद मी भरूनच आणलाय. तुझी सही तेवढी पायजे."

मी मशीन थांबवलं नाही. 

केशवतात्या म्हणजे आमच्या पिंपरणीतलं सगळ्यांत वडीलधारं माणूस. शब्दाचे पक्के, चालीचे स्वच्छ. कुणाच्या घरी मयत झाली की लाकडं तात्यांच्या रानातून यायची. त्यांच्यामुळेच आमचं गाव अठ्ठावीस वर्षं बिनविरोध होतं. वेशीवर तशी पाटीही होती. पंचायतीची निवडणूक जाहीर झाली की भैरोबाच्या देवळात बैठक बसायची. पुरुषमाणसं जमायची, नावं ठरायची, नारळ फुटायचा. ठरलेल्यांनी अर्ज भरायचे, बाकीच्यांनी भरायचे नाहीत. आमदारकी-खासदारकीला आमची बोटं काळी व्हायची, पण आपल्या गावच्या पंचायतीला मत कसं देतात, हे माझ्या वयाच्या एकाही बाईला ठाऊक नव्हतं.

ते साल पंच्याण्णव. बायकांना राखीव जागा नुकत्याच आल्या होत्या. आमच्या वॉर्डातल्या जागेला तात्यांच्या सुनेचं, विजयमालेचं नाव ठरलं होतं. आणि त्याच जागेला मी अर्ज भरला होता.

आमचे हे गोठ्यातून हात पुसत आले. तात्यांना बघून टॉवेल खांद्यावरनं काढून हातात धरला.

"ज्ञानू, सांग हिला," तात्या म्हणाले.

"कर की गं सही," हे म्हणाले, माझ्याकडे न बघता.

"तुमी बैठकीत बोलला असता तर फारम भरायची पाळीच आली नसती," मी म्हणाले.

"कशाबद्दल बोलायचं होतं?" तात्यांनी विचारलं.

ह्यांनी मान खाली घातली. मग मलाच सांगावं लागलं. शाळेमागं बाभळींची पट्टी होती. आजूबाजूला सगळी उघडी रानं, आडोसा असा तेवढाच. गावातल्या बाया पहाटे तिथं जायच्या. तीच पट्टी साफ करून तालमीचा आखाडा करायचा, असं पंचायतीनं ठरवलं होतं. ठरावात लिहिलं होतं, सर्वानुमते. माझ्याकडे ब्लाउज शिवायला येणारी प्रत्येक बाई माप देता देता तेच बोलायची. मी ह्यांना म्हटलं होतं, बैठकीत एवढं काढा. हे गेले आणि परत आले. मी विचारलं, "बोललात?" तर म्हणाले, "इषयच निघाला न्हाई."

"एवढंच होतं तर मला येऊन सांगायचंस," तात्या म्हणाले.

"बाया पहाटे कुठं जात्यात हे तुमच्यापुढं कसं सांगायचं, तात्या? देवळात बसून बोलायची गोष्ट हाय का ती? तुमीच म्हणाला असता, ह्या बाईला लाज न्हाई."

तात्यांनी हातातला कागद उलटसुलट केला. म्हणालेच असते, हे त्यांनाही पटलं असावं.

"मग विजयमाला हाय की. बाईच हाय ती. तिच्या कानावर घाल."

"तिला तुमच्याम्होरं तोंड उघडता येतंय का?"

"शालन!" हे म्हणाले.

तात्यांनी हातानंच त्यांना थांबवलं. ओट्यावर टेकले. आवाज खाली आणून म्हणाले, "तू या घरात आलीस सत्तर साली. सदुसष्ट साल तू बघितलं न्हाईस. मत म्हंजे काय असतं ते या घराला इच्यार."

त्यांनी आत बघितलं. समोरच्या भिंतीवर हिंदुरावभावजींचा फोटो होता. कुणाच्यातरी लग्नातल्या फोटोतून कापून मोठा केलेला, म्हणून खांद्यावर दुसऱ्याच कुणाचा तरी हात राहिलेला. ते ह्यांचे थोरले भाऊ. मी त्यांना कधी पाहिलं नाही. सदुसष्टच्या पंचायतीच्या निवडणुकीत गावात दोन तट पडले, मतमोजणीच्या संध्याकाळी ओढ्याजवळ हाणामारी झाली आणि भावजींच्या मानेवर कुऱ्हाड बसली. चोवीस वर्षांचे होते. हे तेव्हा पंधरा वर्षांचे. भावाला बैलगाडीत घालून ह्यांनीच घरी आणलं होतं. आमच्याच अंगणात, भावजींच्या अंगावर चादर असताना, तात्यांनी गावाकडून शपथ घेतली होती की इथून पुढं पिंपरणीत निवडणूक होणार नाही.

"त्या शपथंपायी अठ्ठावीस वर्सं या गावात कुणाच्या अंगाला बोट लागलं न्हाई," तात्या म्हणाले. "आन ती मोडायला याच घरातनं फारम जावा? वैनी, तुमी सांगा हिला."

सासूबाई, म्हणजे आत्याबाई, चुलीजवळ तूरडाळ निवडत बसल्या होत्या. एका डोळ्यात फूल पडलेलं, तरी खडा बरोबर सापडायचा त्यांना. तात्या वाट बघत राहिले. हे बघत राहिले. मीही मशीन थांबवलं. आत्याबाईंनी सुपातला एक खडा उचलून दाराबाहेर टाकला आणि परत डाळीत बोटं घातली. 

"बघितलंस?" तात्या म्हणाले. "त्यांच्या जिवाला काय झालं असंल?"

बघितलं मी.  सही करावी असं त्या क्षणी वाटलं होतं, ते आज कबूल करते.

तात्या बारा वाजेपर्यंत बसले. मधून मधून जीपचा ड्रायव्हर हॉर्न वाजवत होता. शेवटी ते उठले.

"किती मतं पडतील तुला, ठावं हाय का?"

"एक तर पडंल."

"मग कशापायी हा खटाटोप?"

"ते एक मोजलं तरी जाईल, तात्या."

पाण्याचा तांब्या तसाच ठेवून ते गेले. तीन वाजले तेव्हा मी घड्याळाकडे बघत होते. हे गोठ्यात होते. आत्याबाई त्या दिवसापासून माझ्याशी बोलायच्या थांबल्या.

विजयमालेला चिन्ह मिळालं छत्री आणि मला कपबशी. गावात त्याचं हसू झालं, कारण नेमकं त्याच दिवसापासून माझ्याकडे कुणी चहाला येईना. संध्याकाळी लीलाक्का आली, ती दारातूनच म्हणाली, "ब्लाउज दे माझा."

"एक बाही राहिलीय गं."

"असू दे. हाय तसा दे."

एका बाहीचा ब्लाउज घेऊन ती गेली. तिच्या मागोमाग बाकीच्या बायकांनी आपापली कापडं नेली. मशीनवर मी फडकं टाकलं. दिवस फार मोठे झाले. पाणी भरायला गेले की रांगेतलं बोलणं थांबायचं, माझी घागर भरून मी निघाले की परत सुरू व्हायचं. पहाटे बाभळीत गेले तर तिथंही बाया पाठ करायच्या. मला वाटायचं, अगं, निदान इथं तरी.

हे देवळात भजनाला पखवाज वाजवायचे. गुरुवारी बोलावणं आलं नाही. भजन मात्र ऐकू आलं, पखवाज दुसऱ्याच कुणाच्या हातातला. हे ओट्यावर बसून पुरतं ऐकत राहिले.

"डावा हात चुकतोय त्याचा," एवढंच म्हणाले आणि आत गेले.

मी कुणाच्या दारी मत मागायला गेले नाही. दार उघडलं असतं की नाही, कुणास ठाऊक. पण तात्यांच्या पुतण्यांना धास्ती वाटली, न जाणो, पाच-पन्नास मतं गेली तर नाचक्की व्हायची. म्हणून त्यांनी तात्यांना आणि विजयमालेला घरोघर फिरवायचं ठरवलं. अठ्ठावीस वर्षांत तात्या कधी कुणाच्या दारात काही मागायला गेले नव्हते. सांगायला गेले होते.

लीलाक्काचं आणि आमचं घर एका भिंतीचं. मला सगळं ऐकू आलं.

"लीलाबाई, आमच्या सूनबाईला मत द्या. छत्री."

"देऊ की, तात्या. तुमाला न्हाई म्हंतोय व्हय? पर त्या बाभळी तेवढ्या ऱ्हाऊ द्या."

"कसल्या बाभळी?"

"साळंमागच्या. इच्यारा की सूनबाईंस्नी. त्या बी तिथंच येत्यात."

मग विजयमालेचा आवाज, अगदी बारीक, "व्हय, मामंजी."

मी दाराशी येऊन कान दिला. पुढच्या घरी गेले तर तेच. त्याच्या पुढच्या घरी म्हातारी पुतळाबाई म्हणाली, "छत्रीचा आडोसा काय कामाचा तात्या, आमाला बाभळीचा द्या." बाया फिसकन् हसल्या. तात्यांसमोर बायका हसल्याचं मी तेव्हा पहिल्यांदा ऐकलं. माझ्या नावाचा उच्चार मात्र एकाही दारात झाला नाही.

मग ते आमच्याकडे आले. मी चकित झाले.

"या वॉर्डातलं एक घर टाळून जायचं, ते बरं दिसत न्हाई," तात्या म्हणाले. "तीन मतं हायत या घरात."

"माझंबी मागताय का?" मी विचारलं.

विजयमालेनं पदर तोंडाला लावला. तात्यांच्या मिशीखाली काहीतरी हललं, पण त्यांनी ते हसू होऊ दिलं नाही. ह्यांच्याकडे वळून म्हणाले, "ज्ञानू, तुला काय सांगायचं? तू आमच्यातला." हे म्हणाले, "व्हय, तात्या." मग तात्यांनी चुलीपुढच्या आत्याबाईंना हात जोडले. आत्याबाई आपला चांगला डोळा त्यांच्या जोडलेल्या हातांवर लावून बराच वेळ बघत बसल्या. हात खाली गेल्यावरही बघत होत्या.

मतदान शाळेत झालं. त्या दिवशी गावातल्या बायका ठेवणीतली लुगडी नेसून आल्या होत्या. लग्नालाच निघाल्यासारख्या. ज्यांना सदुसष्ट आठवत होतं ते चार म्हातारे फाटकाशी काठ्या घेऊन सकाळपासून उभे. दोन पोलीस आले होते, ते चिंचेच्या सावलीत डबा खाऊन पेंगायला लागले. दुपारी चारच्या सुमाराला म्हाताऱ्यांनी एकमेकांकडे बघितलं आणि काठ्या टेकत घरी गेले. काहीच झालं नाही.

रांगेत लीलाक्का माझ्यापुढे होती. पंधरा दिवसांनी ती पहिल्यांदा माझ्याकडे वळली.

"आत काय काय करायचं गं? तालुक्यासनं शिकवायला आलेल्या बाईनं सांगितलं, पर ध्यानात ऱ्हायलं न्हाई."

"शिक्का घ्यायचा, चित्रावर मारायचा, घडी घालून पेटीत टाकायचं. आमदारकीला मारतीस तसंच की."

"आमदारकीला हे संगट असत्यात, कुठं मारायचं ते सांगत्यात." मग हळूच म्हणाली, "मी छत्रीवर मारणार हाय हं."

"मार की."

ती आत गेली आणि बाहेर आली तेव्हा तिचा चेहरा वेगळाच होता. माझ्याजवळून जाताना थांबली. "आत कुणीच नव्हतं गं, शालन," म्हणाली. "मी आन कागद." आणि पटकन निघून गेली, मागं कुणी बघतंय का ते बघत.

आत्याबाई पुतळाबाईचा हात धरून आल्या. माझा हात त्यांनी घेतला नाही. हे सगळ्यांत शेवटी आले.

दुसऱ्या दिवशी तालुक्याला मोजणी झाली. छत्रीला दोनशे एकतीस. कपबशीला दोन.

गुलाल उधळला गेला नाही. तात्यांनी बजावलं होतं. पण चावडीवर बसलेल्यांनी ह्यांना सोडलं नाही. मी दुकानात काड्यापेटी आणायला गेले होते, तिथूनच ऐकलं.

"काय ज्ञानू, नवरा-बायकोची दोन!"

"पदराला बांधून घेतलंस की रं बायकोच्या!"

"गावाच्या इरुद्ध जायला छाती लागती, मानलं बाबा तुला."

हे मान खाली घालून उभे होते. नाही म्हणाले नाहीत, हो म्हणाले नाहीत. घाम पुसत घराकडे वळले.

माझे डोळे भरून आले. बैठकीत तोंड न उघडणारा माझा नवरा, "कर सही" म्हणणारा, आत त्या खोक्यामागं गेल्यावर त्यानं माझ्या चित्रावर शिक्का मारला होता. आणि आता गाव बोलत होतं तर माझ्यासाठी निमूट ऐकून घेत होता. पंचवीस वर्षांच्या संसारात मला इतकं श्रीमंत कधी वाटलं नव्हतं. घरी येऊन मी शेवयांची खीर केली. हे पाटावर बसले. वाटी बघून म्हणाले, "आज काय हाय?"

"काही न्हाई. खावा."

त्यांनी खाली बघत सगळी खीर संपवली. आणखी वाढू का म्हटलं तर हातानंच नको म्हणाले.

दुसऱ्या दिवशी दुपारी हे रानात गेलेले. मी अंगणात मिरच्या वाळत घालत होते. आत्याबाई खांबाला टेकून बसल्या होत्या. पंधरा-वीस दिवस झाले होते, त्या माझ्याशी बोलत नव्हत्या. एकाएकी म्हणाल्या,

"दोन पडली म्हणं."

मी दचकलेच. "व्हय, आत्याबाई."

"एक तुझं."

"व्हय."

"दुसरं माझं."

मिरच्यांचं सूप माझ्या हातात तसंच राहिलं. मला आधी त्यांचं बोलणं कळलंच नाही, आणि कळलं तेव्हा दोन्ही गोष्टी एकदमच कळल्या.

"तुमी?" मी म्हणाले. "अवो, पर भावजी... ती शपथ..."

"हितं ठेवला हुता त्याला." त्यांनी अंगणात बोट दाखवलं, मी उभी होते त्याच्या हातभर पलीकडं. "सारं गाव उभं हुतं. तात्या म्हणालं, हितनं फुडं निवडणूक न्हाई. समद्यांनी हात वर केलं. मी आत हुते, बायांच्यात. मला कुणी इच्यारलं न्हाई."

"इच्यारलं असतं तर काय म्हणाला असता?"

आत्याबाईंना उत्तर शोधावं लागलं नाही. अठ्ठावीस वर्षं ते तयार होतं.

"म्हणाले असते, मतानं माझा ल्योक मारला न्हाई. कुऱ्हाडीनं मारला. कुऱ्हाड कुणाची हुती ते आदी सांगा, मग काय शपता घ्यायच्या त्या घ्या." त्यांनी पदरानं तोंड पुसलं. "पर शपत झाली आन इषय मिटला. साक्षीला कुणी उभं ऱ्हायलं न्हाई. गाव सुखानं ऱ्हायलं. ज्यानं मारलं त्यो बी सुखानंच ऱ्हायला. तेराव्याला जेवून गेला माझ्या हातचं."

"त्या दिवशी तात्यांनी तुमाला इच्यारलं तवा बोलला का न्हाई?"

"तात्यांनी इच्यारलं न्हाई. सूनंला सांगा म्हणालं."

 कोंबड्या मिरच्यांवर आल्या, त्या मी हाकलल्या नाहीत. मग आत्याबाई म्हणाल्या,

"ज्ञानूला यातलं बोलू नगंस."

"न्हाई."

"भावाला गाडीतनं घिऊन आलेलं पोर हाय ते. त्या दिसापासनं भ्यालंय. त्यानं छत्रीला दिलं म्हणून त्याचा राग धरू नगंस."

"न्हाई धरत," मी म्हणाले. धरला मी. पुष्कळ दिवस धरला. पण त्यांना तसं सांगितलं नाही. खिरीची वाटी डोळ्यांसमोर यायची आणि खाली घातलेली मान. ते का लाजले होते ते मला आता कळत होतं.

पंचायतीच्या पहिल्या बैठकीत विजयमाला बोलली म्हणे. तीनच शब्द बोलली, "आखाडा दुसरीकडं करा." तात्या म्हणाले, "ओढ्याकडची जागा बरी." पट्टी राहिली. दोन वर्षांनी तिथंच बायकांसाठी संडास बांधले. माझं नाव कुणी काढलं नाही, आणि काढावं असं मलाही वाटलं नाही. लीलाक्का एक दिवस ब्लाउज घेऊन आली आणि दुसरी बाही लावून मागितली. पुढच्या निवडणुकीला आमच्या वॉर्डात चार अर्ज आले. कुणी कुणाच्या दारात शपथ आठवून द्यायला गेलं नाही. वेशीवरची पाटी तात्यांनी स्वतःच काढवली, असं ऐकलं. आत्याबाई त्याआधीच गेल्या.

ह्यांना भजनाला परत बोलावलं ते सहा महिन्यांनी. ते सहा महिने त्यांनी न दिलेल्या मतासाठी काढले. चावडीवर, रानात, पाहुण्यांत, सगळीकडे त्यांना तेच ऐकून घ्यावं लागलं. एका शब्दानं सुटले असते, मी गावाबरोबरच होतो म्हणून. पण तो शब्द घरापर्यंत आला असता. म्हणून ते इकडचेही राहिले नाहीत आणि तिकडचेही. एका छपराखाली आम्ही दोघं, आणि दोघांमध्ये ते एक मत.

पुढं काळ बदलला तसं लोक त्याच गोष्टीसाठी त्यांना मान द्यायला लागले. हळूहळू त्यांनाही सवय झाली. मग पाठ झालं. मग मला वाटतं, खरंच वाटायला लागलं. त्यांना जाऊन आता चार वर्षं झाली. जायच्या आदल्या वर्षी शेजारच्या गावची एक पोरगी आली होती, पंचायतीला उभी राहणार होती. पदवी झालेली, हुशार. ओट्यावर बसून सगळं विचारत होती.

"आज्जी, खरंच दोनच मतं पडली?"

मी काही बोलायच्या आत हेच म्हणाले, "दोनच. सारं गाव एका बाजूला आन आमी दोघं एका बाजूला. एक हिचं, एक माझं."

पोरीनं कौतुकानं माझ्याकडे बघितलं. हेही बघत होते. म्हातारपणानं पाणावलेले डोळे, त्यात थोडी भीती. ती पंधरा वर्षांच्या मुलाची भीती मी तेव्हा पहिल्यांदा समोरासमोर पाहिली.

"व्हय," मी म्हणाले. "दुसरं ह्यांचंच."